पानगळीचा आळ

बोरीकाठचे पानमळे, अक्कलकोट संस्थान
ता. १२ नोव्हेंबर १९३४

रा. रा. रेवणप्पा फळवाले, सोलापूर यांस सिद्धलिंगप्पा यांचे शरणार्थ.

पत्राच्या आरंभी खुशाली विचारण्याची रीत आहे. ती आज बाजूला ठेवतो. तुमची खुशाली जाणण्याची मला इच्छा नाही आणि माझी सांगण्यासारखी उरली नाही.

तुमची मुलगी नीलम्मा, म्हणजे आमची सून, हे पत्र पोचेल तेव्हा तुमच्या घरी आली असेल. तिला आम्ही परत पाठवले आहे. कारण ऐका. माझ्या पानमळ्यात तीन पिढ्यांच्या नागवेली आहेत. माझ्या आज्याने वेलींच्या आधाराला शेवरीची झाडे लावली, बापाने वेली चढवल्या, मी पोटच्या पोरासारख्या जपल्या. त्या वेलींची पाने दिवाळीपासून गळत आहेत. कीड नाही, कूज नाही, पाणी कमी नाही. पान आधी मान टाकते, पिवळे पडते आणि देठापासून स्वच्छ सुटून खाली येते. सकाळी मळ्यात जावे तर पाय ठेवायला जागा नसते. पानांच्या त्या सड्यावर उभे राहून मी परवा रडलो. हे तुम्हाला लिहायला मला लाज वाटत नाही.

पानमळ्याचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. चप्पल घालून आत जायचे नाही, आणि बाईने कडेला बसण्याच्या दिवसांत आत पाऊल टाकायचे नाही. वेल ही नाजूक जात. तिच्यावर विटाळाची सावली पडली की ती पान टाकते. आमच्या शेजाऱ्याने नीलम्माला तशा दिवसांत मागच्या कुंपणाशी पाहिले. तिला विचारले, तर तोंड उघडत नाही. दगडाला विचारावे तशी गत.

तिने चूक कबूल करावी, प्रायश्चित्त घ्यावे. नाही तर चिरंजीव मल्लिनाथाचे दुसरे लग्न अक्षय्यतृतीयेच्या आत उरकायचे, असे मी ठरवले आहे. मळा गेला तर घर गेले. मला सुनेपेक्षा मळा जवळचा आहे, हे मी लपवत नाही.

सिद्धलिंगप्पा


सोलापूर
ता. १८ नोव्हेंबर १९३४

सिद्धलिंगप्पा,

शरणार्थ घ्या आन् बाजूला ठेवा. मी बोलतो तसं लिहितो, मला तुमच्यावानी सरकारी मराठी येत न्हाई.

माजी पोरगी स्टेशनावरनं एकटी आली. हातात ट्रंक, अंगावर वाटेची धूळ. तुमचं पोरगं तिला अक्कलकोट रोडला डब्यात बसवून गाडी सुटायच्या आदीच पळालं. एकुणीस वर्साची पोर, तिला असं टपालाच्या पिशवीगत पाटीवता? तुमाला मी माणसं समजून सोयरीक केली हुती. तुमी निगाला नुसता पालापाचोळा!

आन् विटाळ कसला वो? आपण लिंगायत हाय का कोण हाय? गळ्यात इष्टलिंग बांदलं की बाईला विटाळ न्हाई. आपल्या धर्मानं पाची सुतकं काढून टाकली, त्यात बाईचं बी काढलं. हे मी तुमाला सांगायचं का? तुमी रोज सकाळी तळहातावर लिंग घेऊन पूजा करता आन् दुपारी सुनेच्या दिवसांची वही ठेवता. थू असल्या पूजेवर!

मी तिला इचारलं, तसल्या दिवसांत मळ्यात गेली हुतीस का ग? ती काय बोलली न्हाई. नुसती माज्याकडं बघत राहिली. आमची पोरगी खोट्या आळाला उत्तर देत न्हाई, मी वळखतो तिला. ती गेलीच न्हाई. पान गळतंय तर खत बघा, पाणी बघा, मुळी बघा. चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नका.

दुसऱ्या लग्नाचं नाव काडलं तर वऱ्हाडाच्या गाडीम्होरं आडवा पडीन. ध्यानात ठेवा.

रेवणप्पा


बोरीकाठ
ता. ९ डिसेंबर १९३४

रेवणप्पा,

तुमचे पत्र मी बायकोला वाचून दाखवले नाही, तिच्या कानाला शोभले नसते.

धर्म मला शिकवू नका. माणसाच्या गळ्यात लिंग असते हे खरे. वेलीच्या गळ्यात लिंग नाही. घरात आम्ही विटाळ मानत नाही, नीलम्मा चारही दिवस चुलीपाशी असते. पण वेलीला तुमचा धर्म कोण सांगणार? तुम्ही सांगाल? या, सांगून बघा. चपला बाहेर काढून या म्हणजे झाले.

आता मुद्द्याचे ऐका आणि मग आडवे पडायचे तर पडा. नीलम्मा गेल्यापासून पानगळ थांबली. आठ दिवसांत गळ कमी झाली, पंधरा दिवसांत बंद. वेलींना नवे शेंडे आले. मळा बघायला सगळा गाव लोटला. पान वेचणारे रावजी तर म्हणाले, मालक, आता आणखी काय पुरावा पाहिजे? मला तरी नको.

घरात थोडी अडचण आहे ती एवढीच, की मळ्याच्या कोपऱ्यातली धुरीची खोली बंद ठेवावी लागली. कुंपणाला लावलेल्या केळीचे घड नीलम्मा तिथे धुराने पिकवत असे. गोवऱ्या किती, पेंढा किती, दार किती वेळ लिंपून ठेवायचे हे तिलाच ठाऊक. मल्लिनाथाने एकदा हात घातला तर केळी उकडून निघाली. घड आता कच्चेच विकतो. नुकसान सोसतो, पण मळा हिरवा आहे.

तिला कबूल करायला सांगा. मी वाट पाहीन, पण फार नाही.

सिद्धलिंगप्पा


सोलापूर
ता. २० जानेवारी १९३५

सिद्धलिंगप्पा,

आमच्या सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा झाली. तुमी आला न्हाईत, बरं केलंत. तुमचं तोंड बघून माजा सण नासला असता.

मी काय केलं ते सांगतो. नंदीध्वजाची मिरवणूक आमच्या दारावरनं गेली तवा सगळ्या पेठेदेखत काठीला हात लावून शपत घेतली, की माजी पोरगी कडेला असताना कदी पानमळ्यात गेली न्हाई. सिद्धेश्वराची आण. खोटं असंल तर माज्या वखारीतलं एक बी फळ पिकू नये. आता बोला! तुमच्या शेजाऱ्यानं घेतली का अशी शपत?

शपत घेऊन घरी आलो तर पोरगी माज्याशी बोलंना. मला वाटलं बापाच्या डोळ्यात पानी बघून तिचा जीव भरून आला. दोन दिवस जेवली सुदिक न्हाई.

पान गळायचं थांबलं म्हंता. कावळा बसायला आन् फांदी मोडायला गाठ पडली, आनी काय? तिनं तुमच्या मळ्यातली दोन बेणं लुगड्याच्या पदरात बांदून आणली हुती. घासलेटच्या दोन डब्यांत लावली. एक सैपाकघराच्या दाराशी, एक परड्यात वखारीच्या भिंतीला. दोनी येली फनफनून वर निगाल्यात. रोज ती आपल्या हातानं पानी घालती, कडेला असली तरी घालती. माज्या घरात असली थेरं न्हाईत. एक पान गळलं न्हाई. कुठं गेली तुमची ती विटाळाची सावली? येतं का डोस्क्यात?

पोरीला न्यायला माणूस पाटवा. माज्या पोरीचं वय रडत बसायचं न्हाई.

रेवणप्पा


बोरीकाठ
ता. ११ फेब्रुवारी १९३५

रेवणप्पा,

आता मर्यादा संपली. साकू! पुरे झाले!

मळा कायमचा शुद्ध व्हावा म्हणून मी संक्रांतीनंतर धूप घातला. चारी कोपऱ्यांत गोवऱ्यांच्या आगट्या, त्यावर ओला कडुनिंब आणि गुग्गुळ. वारा येऊन धूर उडू नये म्हणून चारी बाजूंचे तट्टे पक्के बांधले. तीन दिवस, तीन रात्री मी स्वतः जागून धूर राखला. मळ्यात हाताला हात दिसत नव्हता. आता वाईटाचा अंशही राहणार नाही, असे मनाशी म्हणालो.

आणि काय झाले? पाचव्या दिवशी वेलींनी माना टाकल्या. आठवड्यात पाने गळाली. पूर्वी गळाली नव्हती एवढी गळाली. शेंड्याची कोवळी चार पाने तेवढी राहिली, खाली नुसत्या दोऱ्या लोंबत आहेत. मी शुद्ध करायला गेलो आणि मळा नागवा झाला.

म्हणजे हा नुसता विटाळ नाही. ही करणी आहे. माझ्या मळ्यातली बेणी पदरात बांधून नेली असे तुम्हीच लिहिलेत. चोरून नेलेल्या वेलीला तिथे पाणी घालायचे आणि इथली वेल मारायची, ही विद्या तिला कोणी शिकवली? गावात लोक उघड बोलत आहेत. मी आजवर त्यांची तोंडे धरली, आता धरणार नाही.

मल्लिनाथासाठी मैंदर्गी गावची मुलगी पाहिली. पसंत आहे. चैत्रात साखरपुडा. तुमच्या मुलीचे उरलेले कपडे ट्रंकेत भरून ठेवले आहेत, माणूस पाठवून न्यावेत.

सिद्धलिंगप्पा


सोलापूर
ता. ३ मार्च १९३५

सिद्धलिंगप्पा, हे पत्र चार माणसांदेखत मोठ्यानं वाचा. न्हाई वाचलंत तर मी येऊन चावडीवर वाचीन.

करणी म्हंता काय! तुमी सोताच्या हातानं सोताचा मळा मारला. तुमच्या धुरानं मारला. कसं ते सांगतो, पन आदी शिव्या देऊ द्या. शेणाच्या धुरात वेली कोंडणारा शाना मी जन्मात बघितला न्हाई!

झालं काय, माज्या वखारीच्या धुरीच्या खोलीचं एक कौल सरकलं. धूर परड्यात उतरू लागला. तवा परड्यातल्या डब्याच्या येलीनं मान टाकली. मग पिवळी पडली, मग गळली, खालनं वर. तुमी लिवलं तशी हुबेहूब. आन् सैपाकघराच्या दारची येल? हिरवीगार! एकच बेणं, एकच हात, एकच पानी. नीलीनं माजा हात धरला, दोनी डब्यांपाशी नेलं आन् बोट दाखवलं. धुराच्या भोकाकडं एक बोट, गळलेल्या पानाकडं एक बोट. एवड्या महिन्यांत पयल्यांदा तिच्या तोंडावर राग बघितला. मला बरं वाटलं.

तरी मी नुसत्या माज्या डोळ्यावर इसंबून लिवत न्हाई. शेतकी खात्याचे एक साहेब माज्याकडनं लिंबं नेतात. त्यास्नी इचारलं. ते हसले न्हाईत, उलट खुर्ची वडून बसले. म्हनाले, अमेरिकेत लिंबं पिवळी करायला बंद खोलीत घासलेटचे स्टो पेटवायचे. लोकास्नी वाटायचं उबीनं पिकतात. मग कुनीतरी बिनधुराच्या चांगल्या शेगड्या बसवल्या, ऊब तीच, पन लिंबं हिरवीच राहिली! तवा कळलं की काम उबीचं न्हाई, स्टोच्या वायूचं. इथिलीन त्याचं नाव. डोळ्याला दिसत न्हाई. गोवरीच्या, पेंड्याच्या कोंडलेल्या धुरात त्योच असतो. आपन केळी पिकवतो ती त्याच्या जिवावर, आन् आपल्या बापजाद्यांस्नी वाटायचं धूर पिकवतो.

आता खरी गंमत ऐका. गेल्या साली विलायतेत सापडलं की पिकलेलं फळ सोताच त्यो वायू सोडतं. म्हनून अढीत एक आंबा पिकला की शेजारचे पिकतात. साहेब म्हनाले, झाडाला तोंड न्हाई, कान न्हाई, तरी शेंड्याचा निरोप मुळाला जातो. त्या निरोपाच्या रसाला हार्मोन म्हंतात. एक रस शेंड्यात आन् कोवळ्या पानात होतो. त्याच्यामुळं येल वाडती, उजेडाकडं वळती, आन् पान देठाशी घट राहतं. दुसरा हा वायू. त्यो सांगतो, पिक, नायतर गळ. पान म्हातारं झालं, पानी तुटलं, की वायूचा हुकूम चालतो आन् येल देठाच्या सांद्यातनं पान सोडती. कोवळ्या पानात पयला रस भरपूर, म्हनून ते धरून राहतं. तुमच्या शेंड्याची चार पानं का राहिली, कळलं?

तुमी भायेरनं धूर कोंडला. येलीला वाटलं आपल्याच घरातला हुकूम हाय. तिनं इमानानं पानं टाकली. आन् दिवाळीत गळली ती बी धुरानंच, त्या मळ्यातल्या धुरीच्या खोलीच्या. पोरगी गेली, खोली बंद झाली, गळ थांबली. काखेत कळसा आन् गावाला वळसा! दोष पोरीचा न्हाई, तुमच्या त्या खोलीचा हाय. असली खोली मळ्यात बांदायची अक्कल कुनाची, त्याला जाऊन प्रायश्चित्त द्या.

मैंदर्गीला नकार कळवा. आजच्या आज.

रेवणप्पा


बोरीकाठ
ता. २६ मार्च १९३५

रेवणप्पा,

पत्र चार माणसांदेखत वाचले. खोली बांधायची अक्कल कुणाची, इथपर्यंत आलो आणि रावजी खो खो हसायला लागले. कारण ती खोली बांधताना विटा त्यांनी वाहिल्या होत्या.

अहो शहाणे, ती खोली तुमचे आंदण! लग्नात तुम्हीच म्हणालात, केळी कच्ची कशाला विकता, मुलीला धुरीची विद्या येते, मी खोली बांधून देतो. गवंडी तुमचा, कौले तुमची, जागासुद्धा तुम्हीच दाखवलीत. तट्ट्यांच्या आडोशाला बांधा म्हणजे वारा लागणार नाही, असे म्हणालात. सहा हात लांब पत्र लिहिलेत, त्यात एवढेच लिहायचे विसरलात! हे विसरणे नव्हे. याला लबाडी म्हणतात.

तुमच्या साहेबांच्या शब्दावर मी विश्वास ठेवला असे समजू नका. मी स्वतः करून पाहिले. शेजाऱ्याच्या मळ्यातल्या वेलीची जून पानांची चार बेणी मातीच्या गाडग्यांत लावली, दोन खोलीत ठेवून धूर दिला, दोन ओसरीवर. खोलीतल्यांनी पाने टाकली. दुसऱ्यांदा केले. तिसऱ्यांदा मल्लिनाथाकडून करवले, की माझ्या हाताचा दोष नको. तेच झाले. मग मी कुदळ घेतली आणि तुमचे आंदण पाडले. विटा रावजींना दिल्या.

आता जे लिहितो ते मला जड जाते. आळ खोटा होता. नीलम्मा त्या दिवसांत मळ्यात गेली नव्हती, तुमची शपथ खरी ठरली. आपण दोघे बरोबरीचे गाढव, म्हणून आता एकमेकांना लाथा नकोत. मैंदर्गीला निरोप गेला. गावाला मी सांगितले की विलायती वायूची बाधा झाली होती. लोकांना ते पटले, वायू म्हटल्यावर कुणाचे नाव येत नाही. विषय संपला.

पाडव्याला गाडी पाठवतो. मुलीला नवे लुगडे नेसवून पाठवा. झाले गेले ती बोलणार नाही आणि आम्हीही बोलणार नाही. नियम तेच राहतील, ते ती पाळते हे आता सिद्धच झाले आहे.

सिद्धलिंगप्पा


सोलापूर
ता. २९ मार्च १९३५

व्याहीबुवांस शरणार्थ. कार्ड छोटं हाय म्हनून थोडक्यात. खोलीचं बोललात ते खरं, लिवायचं जिवावर आलं हुतं. लगीन वाचलं, माजी शपत वाचली, लई झालं. पाडव्याला गाडी येऊ द्या. पोरीला सांगितलं. ती म्हनाली, मी सोता लिहिते. सासरी जायच्या आनंदात आसंल.

रेवणप्पा


सोलापूर
ता. ३० मार्च १९३५

तीर्थरूप मामंजींस नीलम्माचे शरणार्थ.

हे पत्र टपालात टाकण्याआधी अप्पांना वाचून दाखवणार आहे, म्हणजे दोघांचे एकाच कागदात भागेल. पाच महिने तुम्ही दोघे माझ्याबद्दल लिहीत होता. मला लिहिता येते, मी म्युनिसिपालिटीच्या शाळेत सहावीपर्यंत शिकले, हे दोघांनाही आठवले नाही.

मामंजी, आळ खोटा नव्हता. मी मळ्यात जात होते.

एकदा नव्हे. खोली बांधली तेव्हापासून, प्रत्येक महिन्यात, चारही दिवस. धुरीची खोली मळ्याच्या आतच होती आणि घड पिकायला लागला की तो माझ्या दिवसांसाठी थांबत नाही. सकाळ संध्याकाळ धूर द्यावा लागतो. पहिल्या महिन्यात मी सासूबाईंना म्हणाले, मी आज कडेला आहे, आत कशी जाऊ? त्या पाठ फिरवून भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, मागच्या कुंपणानं जा, मला काही दिसलं नाही. त्या महिन्यानंतर आम्ही ते बोललोही नाही. मी जायची, त्या पाठ फिरवायच्या. केळी पिकायची. तुम्ही बाजारातून खुशीत यायचात आणि सुनेच्या हाताला गुण आहे म्हणायचात.

खोली वैशाखात बांधली. दिवाळीपर्यंत तट्टे सैल होते, वारा खेळत होता, मी दर महिन्याला आत जात होते, आणि मळ्यात एक पान गळले नाही. थंडीसाठी तुम्ही तट्टे बांधून घेतलेत, धूर आत राहिला, मग पाने गळाली. एवढे सगळे महिने माझा विटाळ कुठे गेला होता?

मला विचारलेत तेव्हा मी गप्प होते. खरे सांगितले असते तर माझ्याबरोबर सासूबाईही दारात उभ्या राहिल्या असत्या. त्यांना माहेर नाही. मी वाट पाहिली, त्या बोलतील म्हणून. ट्रंक बांधताना त्या खोलीत आल्या, माझ्या हातात दशम्यांचे फडके दिले आणि पाठ फिरवून गेल्या. त्यांना यावरून एक शब्द बोलाल तर याद राखा. त्या तुम्हाला भ्यायल्या. मीही भ्याले. तुमच्या घरात बाईने खरे बोलायची सोय तुम्ही ठेवली आहे का?

आणि अप्पा, तुम्ही. मी गप्प राहिले, त्याचा अर्थ तुम्ही तुम्हाला हवा तो लावलात. मला पुन्हा विचारले नाही. पेठेदेखत सिद्धेश्वराची खोटी शपथ घेतलीत. मी जेवले नाही ते जीव भरून आला म्हणून नव्हे. तुम्ही माझ्या नावावर खोटे बोलून आलात म्हणून. विटाळ न्हाई म्हणून मामंजींवर थुंकलात, आणि शपथ कसली घेतलीत? ती आत गेलीच नाही, ही. गेली असेल तर काय बिघडलं, असे एकदा तरी म्हणायचे होते, अप्पा! तुमच्याही मनात वेलीच्या गळ्यात लिंग नव्हतेच.

मामंजींनी खोली पाडली ते ठीक केले. पण तुम्ही दोघांनी काय ठरवलेत ते मी दोनदा वाचले. वायू सापडला, म्हणून मी निर्दोष. वायू सापडला नसता तर? माझ्या शब्दाला विलायतेचा जामीन लागला. तरीही नियम तेच राहतील म्हणता! ज्या नियमाने वर्षभर एक पान वाचवले नाही की मारले नाही, तो तुम्हाला एवढा का प्यारा?

शेतकी खात्याच्या साहेबांनी अप्पांना आणखी एक सांगितले होते, ते अप्पांनी तुम्हाला कळवले नाही. मी दाराआड उभी राहून ऐकले. वेल पान टाकायचे ठरवते तेव्हा ते ओरबाडून टाकत नाही. देठाच्या सांध्यात आधी पातळ थर धरते, आपली बाजू बंद करते, मग पान सोडते. म्हणून वेलीला जखम राहत नाही. तुम्ही मला घरातून काढलेत तेव्हा कुणी एवढी तसदी घेतली नाही. तुमच्या चिरंजीवांनी तर गाडी सुटेपर्यंत उभे राहण्याचीही घेतली नाही. पाच महिन्यांत त्यांची एक ओळ आली नाही. गाडगी उचलायला मात्र तिसऱ्यांदा हजर होते.

मी येणार आहे. तिथला संसार माझा आहे, मैंदर्गीच्या मुलीचा नाही, आणि त्या वेलींची आठवण मला रोज येते. पण पाडव्याला गाडी पाठवू नका. नवे लुगडे नेसून, काही झालेच नाही असे तोंड करून मी येणार नाही.

मी कडेला होईन त्या दिवशी कार्ड टाकीन. कार्ड मिळाले की लगेच अक्कलकोट रोड स्टेशनावर गाडी पाठवा आणि हाकायला चिरंजीवांना पाठवा. आता मागच्या कुंपणाने मी जाणार नाही. मळ्याच्या पुढच्या दाराने, तुमच्या, सासूबाईंच्या आणि रावजींच्या देखत आत शिरेन आणि प्रत्येक वेलीला हात लावीन. चपला बाहेर काढीन. तो वेलीचा मान आहे, तो मी कधी मोडला नाही.

मग तुम्ही बांधावर बसा आणि पानं मोजा.

नीलम्मा